बारा दात आणि राहून गेलेलं जावळ

दादासोला या जेवणातून एक लाख चार हजार सहाशे रुपये मिळणार होते. वजा तीस किलो मटण, सातशे ऐंशीच्या भावानं, तेवीस हजार चारशे. वजा भाकरीवाल्या बायका, तांदूळ, मांडव, आचारी आणि पाण्याचे जार मिळून नऊ हजार दोनशे. उरले बहात्तर हजार. आणि सांगलीच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या पोरीच्या, प्रांजलच्या तोंडाचा जो आकडा कागदावर लिहून दिला होता, तोही बहात्तर हजारच. हिशेब इतका नेमका जुळला की शहाणा माणूस जरा दचकतो. दादासो तर कुपवाडला एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. महिनाअखेरीला नटबोल्टांचा साठा पहिल्या मोजणीत जुळलाय, असं त्यानं बारा वर्षांत पाहिलं नव्हतं. पण हा हिशेब त्याच्या बायकोनं, उत्कर्षानं केला होता, आणि तिचे हिशेब पुन्हा मोजायची त्या घरात पद्धत नव्हती.

प्रांजलचं वय पाच. दात वीस. त्यातले बारा किडलेले. डॉक्टरीणबाईंनी आरसा घालून एकेक दात मोजला, तसा दादासोही मनातल्या मनात मोजत गेला, आणि आठाच्या पुढं त्यानं मोजणं सोडून दिलं. आठ दातांच्या नसा साफ करून वर टोपी, दोन काढायचे, दोन भरायचे. खुर्चीत बसवून एकेक करता आले असते, पण तिसरा दात पाहताना प्रांजलनं डॉक्टरीणबाईंचं बोट चावलं. ते काम तिनं उरलेल्या आठ चांगल्या दातांनी केलं. मग बाईंनी बोटाला पट्टी लावत सांगितलं, की हिला भूल देऊनच सगळं एका बैठकीत करू, आणि सहा आठवड्यांच्या आत करू, कारण हिरडीला फोड आलाय आणि खाली पक्के दात वाट बघतायत.

"एवढ्या लहान वयात असं कशानं झालं?" दादासोनं विचारलं.

"गोड काय खाते ती?"

 रोज संध्याकाळी कुपवाडहून येताना गाडी थांबवून एक चॉकलेट घ्यायचं, आणि दारात उभं राहून 'कुणाला पायजे' असं विचारायचं, हा दादासोच्या दिवसातला सगळ्यात आनंदाचा कार्यक्रम होता. गेली अडीच वर्षं एकाही संध्याकाळी त्यानं तो चुकवला नव्हता. आता पोरगी वरणभात कालवून, न चावता गिळत होती. ताटात भाकरी दिसली की गालावर हात ठेवून उठून जात होती. घरी येताना दादासोनं गाडीवर एवढंच ठरवलं, की हे दात आपण करणार. कुठून, ते ठरलं नव्हतं. पण करणार.

आपल्याकडं कुणाचं ऑपरेशन निघालं की लोक निदान चेहरा पाडून येतात. दुधाच्या दातांच्या नशिबी तेवढंही नसतं. शेजारच्या बिराप्पांनी आकडा ऐकला आणि ते हसायलाच लागले. बिराप्पा जतकडचे, मेंढरं विकून सांगलीत फ्लॅट घेतलेले, त्यामुळं दात बघून जनावराचं वय सांगण्यात त्यांचा अधिकार मोठा.

"पडनारं दात हाईत ते, दादासो. पाडून टाकायच्या घराला कोन रंग देतं व्हय?"

"काका, पोरीला चावायला येत न्हाई."

"वर्सभर पातळ खाऊ द्या. मेंढरू बी दात पडल्यावर कवळं गवत खातंय, मरत न्हाई."

बिराप्पांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण त्यांच्या तोंडात सत्तरीतही बत्तीसच्या बत्तीस दात होते, आणि ते एकावरही एक रुपया न घालवता.

कंपनीनं कामगारांचा विमा काढला होता. दादासोनं अर्धा दिवस रजा टाकून विम्याच्या नंबरवर फोन लावला. पाऊण तास सनई ऐकल्यावर एक बाई बोलल्या. त्यांनी पॉलिसी नंबर घेतला, जन्मतारीख घेतली, आणि अतिशय गोड आवाजात सांगितलं, की दुधाचे दात तात्पुरते असतात, तात्पुरते अवयव पॉलिसीत बसत नाहीत. दादासोला हे नवीन नव्हतं. त्याच्या कारखान्यातही हंगामी कामगारांना बोनस नव्हता. पण तो नियम तोंडाच्या आतपर्यंत पोचला असेल, असं त्याला वाटलं नव्हतं. त्यानं नेट धरून विचारलं, की भूल देऊन, दवाखान्यात दाखल करून केलं तर? तर विचार होऊ शकतो, बाई म्हणाल्या, पण पेशंट पूर्ण चोवीस तास दाखल हवा.

दादासो तसाच डॉक्टरीणबाईंकडं गेला. "किती तास लागतील म्हणालात?"

"चार."

"जरा सावकाश केलं तर?"

बाईंनी त्याच्याकडं असं पाहिलं, की विम्याचा विषय तिथंच मिटला.

शेवटचा माणूस म्हणजे उत्कर्षाचा थोरला भाऊ, राजवर्धन. फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेला, दादासोच्या गावाच्या, उंब्रजच्या शेजारी चार एकर ऊस, दारात नवी जीप, आणि पंचायत समितीला उभं राहायची तयारी. निवडणूक कधी लागणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण राजवर्धनच्या कपड्यांना दोन वर्षांपासून इस्त्री होती. दादासोनं त्याच्याकडं मागणं म्हणजे बायकोच्या माहेरी हात पसरणं. तरीही त्यानं पोरीचं तोंड आठवून फोन केला.

"दाजी, तुमच्यासाठी जीव हाजीर हाय," राजवर्धन म्हणाला. "पन दुधाच्या दाताला बहात्तर हजार? फौजेत आमचा एक जवान दाढ दुखती म्हनून बॉर्डरवरनं खाली आला, डॉक्टरनं पक्कड लावली, पाच मिंटांत मोकळा. पुन्यांदा ड्यूटीवर. दुखतंय ते उपटून टाका. नवीन येत्यातच की."

दादासोनं फोन ठेवला. कपड्यांच्या कपाटाशी उभ्या असलेल्या उत्कर्षानं सगळं ऐकलं होतं.  तिनं साड्यांच्या खालून आहेराची वही काढली.

या वहीविषयी थोडं सांगायला हवं. लग्न झाल्यापासून नऊ वर्षांत दादासो आणि उत्कर्षा ज्या ज्या लग्नाला, बारशाला, वास्तुशांतीला गेले, त्या प्रत्येक ठिकाणी काय लिहिलं, ते तारखेसकट या वहीत होतं. एकशे सदतीस घरं. एकूण एक लाख चार हजार सहाशे. आणि उलट बाजूला, म्हणजे आलेल्या आहेराच्या पानावर, शून्य. कारण या दोघांनी नऊ वर्षांत गावाला बोलवावं असं काही केलंच नव्हतं. घर भाड्याचं, त्यामुळं वास्तुशांत नाही. दुसरं मूल नाही, त्यामुळं बारसं नाही. आणि आता विचार करायचा म्हटलं, तरी त्याला नऊ महिने लागतात, डॉक्टरीणबाईंनी सहा आठवडे दिले होते. प्रांजलचं जावळ तेवढं झालं होतं, तेही कोरोनात, गच्चीवर, तोंडाला फडकं बांधलेल्या न्हाव्याकडून, चार माणसांत.

"जावळाचं जेवण राहिलंय," उत्कर्षा म्हणाली.

"केस काढून चार वर्षं झाली."

"केस काढले. जेवण राहिलंय. आवं, गावाकडं गेलं की जो तो इचारतोय की, बकरं बुडवलं म्हणून."

हे खरं होतं. उंब्रजला दादासोच्या भावकीतला एकही माणूस असा नव्हता, ज्यानं त्याला एसटी स्टँडपासून घरापर्यंत त्या बकऱ्याची आठवण करून दिली नव्हती. आजवर तो मान खाली घालून जायचा. आता त्याच्या लक्षात आलं, की ज्यांनी आपल्याला चार वर्षं टोचलं, त्यांच्याकडंच आपले एक लाख चार हजार सहाशे पडून आहेत. त्याला भावकीविषयी एकदम माया वाटली.

दीडशे पानं ठरली. बोनसमधून राहिलेले दहा हजार आचाऱ्याला आगाऊ दिले. तारीख रविवारची, पाचव्या आठवड्यातली. आणि इथं दादासोकडून एक चूक झाली. आमंत्रणाचं काम त्यानं राजवर्धनवर सोपवलं. मामा आहे, मान द्यायला हवा, आणि त्याच्याकडं मोबाइलवर कार्ड करणारी पोरं आहेत, म्हणजे छपाईचा खर्च वाचतो. वाचले अठराशे रुपये. हे अठराशे पुढं किती महाग पडले, ते आता येईलच.

बुधवारी कार्ड आलं. वर बिरोबाचा फोटो, खाली प्रांजलचा, आणि दोघांहून मोठा राजवर्धनचा, फेट्यात. 'निमंत्रक' म्हणून त्याचंच नाव. तळाशी हात जोडलेले, आणि त्याखाली लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'आपली उपस्थिती हाच आमचा आहेर. कृपया आहेर आणू नयेत.'

दादासोनं ते तीनदा वाचलं. मग त्यानं फोन लावला.

"पाव्हणं, ती खालची ओळ..."

"आवडली न्हवं?" राजवर्धन म्हणाला. "आता मोठ्या घरांत ह्येच चालतंय, दाजी. आहेर घेनं म्हंजे हलकं काम. तुमची मान वर व्हावी म्हनून टाकली. साडेसहाशे लोकांस्नी गेलंय कार्ड, पंचायत समितीच्या आपल्या गणातल्या पंधरा गावांत."

"दीडशे ठरली हुती."

"उंब्रजची दीडशे. बाकीची आपली मानसं हाईत. तुमी कशाला काळजी करताय, मी हाय की."

आता दादासो काय बोलणार होता? 'आहेर पायजे' हे वाक्य मराठीत अजून कुणी सरळ उच्चारलेलं नाही. आहेर घेताना माणूस 'कशाला, कशाला' म्हणत असतो. तेच त्याचं मागणं असतं. नको म्हणून छापून गेल्यावर मात्र 'कशाला' म्हणायचीही सोय राहत नाही. दादासो दोन दिवस कारखान्यात बेअरिंगच्या जागी वायसर देत होता.

"जेवण मोडूया," तो म्हणाला.

"मोडायचं न्हाई," उत्कर्षा म्हणाली. "दवाखान्याची तारीख घेतलीय मी. मंगळवार, सकाळी सात."

"पैसे कुठं हायत?"

"मांडवात टेबल ठेवायचं. त्यावर वही आणि पेन."

"आणि कार्ड?"

"कार्डात आहेर आणू नका म्हटलंय. टेबल ठेवू नका कुठं म्हटलंय?"

रविवारी उंब्रजला मांडवाच्या तोंडाशी बारा फुटी फ्लेक्स लागला होता. त्यावर प्रांजल हसत होती, आणि तिच्या तोंडात वीसच्या वीस दात पांढरे शुभ्र होते. फ्लेक्सवाल्याला मूळ फोटोतले काळे दात बरे दिसले नाहीत, म्हणून त्यानं संगणकावर नवे बसवले होते. बारा दात, अर्ध्या तासात, फुकट. येणारा प्रत्येक जण फ्लेक्सकडं पाहायचा, मग खाली खुर्चीत तोंड मिटून बसलेल्या पोरीकडं, आणि दादासोला सांगायचा, की दात तर चांगले हायत, उगंच शहरातल्या डॉक्टरांच्या नादाला लागू नगंस.

बारा वाजेपर्यंत दीडशे माणसं झाली. एकपर्यंत अडीचशे. जीपगाड्या, ट्रॅक्टर, मोटारसायकली येतच राहिल्या. आचाऱ्यानं दोनदा येऊन दादासोच्या कानात काही सांगितलं, आणि दोन्ही वेळा राजवर्धननं लांबूनच हात हलवून 'वाढव' म्हटलं. पंधरा गावांचे लोक रस्सा ओरपत त्याला नमस्कार करत होते. कडेच्या टेबलावर वही उघडी होती, पेन वर ठेवलेलं होतं, आणि पाठीमागं दादासो उभा होता. माणसं टेबलाकडं यायची, खिशाकडं हात न्यायची, कार्ड आठवून थांबायची, आणि दादासोला नमस्कार करून पंगतीला बसायची. वहीतल्या सगळ्यात मोठ्या रकमांची माणसं शिकलेली निघाली. त्यांनी कार्ड नीट वाचलं होतं आणि अक्षरशः पाळलं. पाटणच्या एका मास्तरांच्या तीन मुलींच्या लग्नात मिळून दादासोनं सहा हजार तीनशे तीन लिहिले होते. मास्तर त्याचा हात हातात घेऊन म्हणाले, तुमचा हा पुरोगामी विचार मला फार भावला. आणि दुसऱ्यांदा मटण घ्यायला गेले.

दादासो उभाच राहिला. समोर प्रांजल भाताचं एकेक शीत रश्शात बुडवून ओठांनी ओढत होती. मंगळवार दोन दिवसांवर होता.

तेवढ्यात धोंडुबाई आली. दादासोची चुलत आत्या, ऐंशी पार केलेली, कमरेत वाकलेली, कानानं अधू. ती पंगतीकडं वळलीच नाही. सरळ टेबलापाशी आली, कनवटीची गाठ सोडली आणि घडी घातलेल्या नोटा पुढं केल्या.

"लिव्ह. धोंडुबाई, दोनशे एक्कावन."

राजवर्धन लगबगीनं आला. "आज्जी, आहेर घ्यायचा न्हाई. कार्डावर लिवलंय."

"मला वाचाय येत न्हाई," धोंडुबाई म्हणाली. "जावळ कुनाचं हाय? तुजं?"

"न्हाई, भाचीचं."

"मग तू बाजूला हो." ती दादासोकडं वळली. "माज्या नातवाच्या लग्नात तू दोनशे एक लिवलंस. लिवलंस का न्हाई?"

"व्हय, आत्या."

"ते घिऊन मी वर जाऊ व्हय? आहेर नगं म्हंजे काय रं? तुजं आमच्याकडं ऱ्हायलं, आमचं तुज्याकडं यायचं न्हाई, म्हंजी उंद्या आमच्या दारात तू येनार न्हाईस. भावकी तोडायची आसंल तर तोंडानं सांग. बकरं खाऊ घालून तोडू नगंस."

हे ती साध्या आवाजात बोलली, पण बहिऱ्या माणसाचा साधा आवाज मांडवभर जातो. पंगतीत भाकरी मोडणारे हात थांबले. दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. इतका वेळ ज्यांना ही पद्धत मोठ्या घरची वाटत होती, त्यांना एकदम आपला अपमान झाल्याचं कळलं. आपलं देणं आपल्याच अंगावर ठेवणारा हा कोण?

आता दादासोनं रीतीप्रमाणं नको म्हणायला हवं होतं. रीत तीनदा म्हणायची आहे. "आत्या, राहू दे की," तो एकदा म्हणाला. "कशाला?" दुसऱ्यांदा म्हणाला. तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तेव्हा मागून उत्कर्षानं त्याच्या पाठीला पेनाचं टोक लावलं. त्यानं तिसरं 'कशाला' गिळलं, खाली बसला आणि लिहिलं.

त्यानंतर पाऊण तास त्याला मान वर करता आली नाही. उष्ट्या हातांनी माणसं उठून आली. कुणी सुनावून दिलं, कुणी न बोलता नोटा टेबलावर ठेवल्या. "शहरात ऱ्हाऊन शाना झालास," एक चुलता म्हणाला, "आमाला बुडवे ठरिवतोस," आणि पाचशे एकाचे सहाशे एक लिहायला लावले. दादासोनं आयुष्यात इतकी बोलणी कधी खाल्ली नव्हती, आणि प्रत्येक बोलण्याखाली रक्कम लिहिताना त्याला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. एकानं तर हात जोडून माफी मागायला लावली. त्यानं मागितली. माफीला सातशे एक्कावन्न आले.

चार वाजता माणसं पांगली. आचारी बिल घेऊन आला. चारशे दहा पानं, अठ्ठ्याहत्तर किलो मटण, सगळं मिळून एक्याऐंशी हजार चारशे. त्यानं कागद दादासोपुढं धरला. उत्कर्षानं तो मधेच घेतला आणि भावाकडं दिला.

"ह्ये काय, उत्कर्षा?" राजवर्धन म्हणाला.

तिनं मोबाइलवर कार्ड उघडलं. "दादा, निमंत्रक कोण हाय?"

"मी. पन ते आपलं मानाचं..."

"वाढव वाढव कोण म्हणत हुतं? आचाऱ्याला इचार."

आचारी मान खाली घालून परातीकडं बघत राहिला.

"कार्यक्रम दाजींचा हाय," राजवर्धन म्हणाला.

"बरं. मग मी पंधरा गावांस्नी निरोप धाडते. जेवण आमच्याकडचं हुतं, दादाचं काय न्हवतं. त्याच ग्रुपवर टाकते."

राजवर्धननं फेटा काढून मांडीवर ठेवला. फौजेत त्यानं माघार घेतल्याची नोंद नव्हती, पण तिथं समोर धाकटी बहीण कधी नव्हती. थोड्या वेळानं त्यानं जीपमधून पाकीट आणायला सांगितलं. दादासोनं दिलेले दहा हजार वजा जाता एक्काहत्तर हजार चारशे झाले. बहात्तर हजारांना सहाशे कमी. दातांना मागितले, तेव्हा याच माणसानं पक्कड सुचवली होती. पण मटणाचे पैसे दिले नाहीत असं कुणी पंचायत समितीच्या इच्छुकाबद्दल म्हणू शकत नाही.

मंगळवारी सातला प्रांजल उपाशीपोटी दवाखान्यात गेली आणि दुपारी, तोंडात आठ चंदेरी टोप्या घेऊन, गुंगीतच बाहेर आली. गुरुवारी तिनं भाकरीचा पापुद्रा चावला. शनिवारी कड चावली. सोमवारी तिनं बिराप्पांना तोंड उघडून दाखवलं. त्यांनी खाली वाकून, सवयीनं बोटानं ओठ वर करून पाहिलं आणि म्हणाले, "ह्या टोप्या दात पडल्यावर परत मिळत्यात व्हय? इकायला येतील."

तर हिशेब असा. मटणाचे दहा हजार दादासोच्या बोनसनं भरले, एक्काहत्तर हजार चारशे राजवर्धननं. दातांच्या बहात्तर हजारांपैकी दहा हजार कारखान्याच्या पतपेढीनं दिले, ते पगारातून महिना हजारानं कापले जातील. सातशे साठ डॉक्टरीणबाईंनी सोडले. विमा कंपनीनं एक दिलगिरीचा संदेश पाठवला, त्याची रक्कम वहीत धरलेली नाही. उरलेले एकसष्ट हजार दोनशे चाळीस एकशे चार घरांनी भरले, शिवाय चौतीस टॉवेल, एकवीस टोप्या आणि एकोणीस ब्लाऊजपीस. उरलेल्या तेहतीस घरांच्या नावापुढं उत्कर्षानं काही लिहिलेलं नाही, फक्त टिंब दिलंय. आणि ज्या एकशे चार घरांनी भरले, त्यांनी प्रत्येकानं आपल्या देण्यावर पन्नास-शंभर वाढवून भरले आहेत. ते वाढवूनच परत करायचे असतात. त्या घरांत मिळून लग्नाची पोरं एकोणनव्वद आहेत. दादासोनं ती दोनदा मोजली, आणि या वेळी दोन्ही मोजण्या जुळल्या.